परदेशात जाऊन पुन्हा आपल्याच लोकांत कशाला?

शिकायला बाहेर गेलेली बरीच मुलं माझ्याकडे समुपदेशनासाठी हा प्रश्न घेऊन येतात. रोहनही (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) तोच घेऊन आला. सांगलीचा मुलगा, शैक्षणिक कर्ज काढून जर्मनीत माग्देबुर्गला मास्टर्स करायला गेलेला. जाण्याआधी एका सीनियरनं बजावलं होतं, "इंडियन ग्रुपमध्ये शिरलास की जर्मन विसर." सल्ला अगदीच बिनबुडाचा नव्हता. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत भारतीय विद्यार्थी ४९ हजारांहून अधिक होते, परदेशी विद्यार्थ्यांमधला सगळ्यांत मोठा गट. खोली शोधण्यापासून पार्टटाइम नोकरीपर्यंत सगळं हिंदी-तेलुगू-मराठीत भागवता येतं. रोहननं सल्ला इतका मनावर घेतला की वसतिगृहात खालच्या मजल्यावर राहणाऱ्या दोन मराठी मुलांना तो टाळायचा.

तो माझ्याशी ऑनलाइन बोलायला लागला ते डिसेंबरात. दुपारी चारलाच अंधार, रविवारी दुकानं बंद. पहाटेपर्यंत जाग, दुपारपर्यंत झोप, दोन परीक्षांना बसलाच नव्हता. घरी मात्र "सगळं मस्त." आणि ज्या जर्मनसाठी आपली माणसं टाळली, त्या भाषेचा बी-१ (मध्यम पातळीचा) वर्गही सुटला होता. वर्गातली जर्मन मुलं सौजन्यानं वागायची, पण त्यांचे मित्र शाळेपासूनचे; नवख्याला आत घ्यायला त्यांना वेळ लागतो.

"मॅडम, इतक्या लांब येऊन मी वरण-भात आणि मराठी बोलणारं माणूस शोधतोय. मी कच्चा आहे का?"

मी विचारलं, "उद्या ताप आला तर तुझं दार कोण वाजवेल?" त्याला एकही नाव सुचलं नाही.

स्थलांतरितांचा अभ्यास करणाऱ्या जॉन बेरी यांची मांडणी मी अशा वेळी सोप्या शब्दांत सांगते. आपलं जपणं आणि नव्या समाजात मिसळणं यांत एक वाढलं की दुसरं घटलंच पाहिजे असं नाही. दोन्ही एकत्र जमतं. दोन्ही सुटलं, तर मात्र माणूस कडेला पडतो. रोहन तिथेच पडला होता, आणि त्याला वाटत होतं की आपण नव्या समाजात मिसळण्याची किंमत मोजतोय.

जानेवारीत तो हुरूप धरून बर्लिनला संक्रांतीच्या कार्यक्रमाला गेला आणि आणखी खचून परतला. तिथे जोडपी, लहान मुलं, हळदीकुंकू, ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा निवास परवाना) आणि घराच्या कर्जाच्या गप्पा. हा ताटली घेऊन भिंतीला टेकून उभा. "तिथेही माझं कोणी नाही," म्हणाला. हे मी इतक्यांदा ऐकलंय! तिळगूळ घेऊन गोड बोलण्यातून सण साजरा होतो, ओळख होतेच असं नाही. ओळख व्हायला हाताला काहीतरी काम लागतं.

रोहनजवळ काम होतं, ते त्याला दिसत नव्हतं. महापालिकेतली आनमेल्डुंग, म्हणजे राहत्या पत्त्याची नोंदणी, आरोग्यविमा, ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून) दरमहा पैसे सोडवणं, हे सगळं त्यानं कुणाची मदत न घेता निस्तरलं होतं. एप्रिलमध्ये नवी तुकडी येणार होती. मी सुचवलं, खालच्या मजल्यावरच्या मुलांना विचार, नव्यांना स्टेशनवर आणायला कोण जातं? ते दोघंच जात आणि वैतागलेले असत. रोहन तिसरा झाला. रात्री उशिराच्या गाडीनं उतरणाऱ्या मुलांच्या बॅगा ओढताना जी मैत्री झाली, ती बर्लिनच्या हॉलमध्ये झाली नसती. रविवारची खिचडी आपोआप सुरू झाली. त्यातल्याच एकानं त्याला व्हॉलीबॉलच्या फेराइनमध्ये, म्हणजे तिथल्या स्थानिक क्लबात नेलं. जर्मन बोलायला तोंड उघडलं ते तिथे. बी-१ ला पुन्हा नाव घातलं.

सगळंच गोड झालं नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर एकानं "आडनाव काय, मूळ गाव कुठलं" असं खोदून विचारलं, तेव्हा त्याला रोख कळला. जात हुंगणारे विमानात बसूनही जातात. पगार विचारणारे, इथली बातमी सांगलीला पोचवणारेही असतात. असा ग्रुप बिनदिक्कत सोडावा. रोहननं तो सोडला, खिचडी सोडली नाही.

झोप, जेवण, अभ्यास दोन आठवड्यांहून जास्त विस्कटलेले असतील तर मात्र मित्रांवर भागवू नये. जर्मनीत श्टुडिरेंडेनवेर्कमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांसाठीच्या सेवा संस्थेत, मानसिक समुपदेशन मिळतं, बहुतेक ठिकाणी मोफत आणि अनेकदा इंग्रजीतूनही. रोहननं तिथे नाव नोंदवलं, नंबर लागेपर्यंत आम्ही बोलत राहिलो.

परीक्षांचं घरी सांगायला त्याला उन्हाळा उजाडला. वडील आधी चिडले, मग कर्जाच्या हप्त्यांचा हिशोब घेऊन व्हिडिओ कॉलवर बसले.