इमॅजिका आणि अलिबाग एकाच सहलीत: मुक्काम एकच ठेवावा की दोन?

दोन ठेवा. पहिला पार्कजवळ, म्हणजे खोपोलीजवळच्या इमॅजिका या थीम पार्कजवळ, दुसरा अलिबागला समुद्राजवळ. उलटं करू नका.

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून गाडीने निघणार, दोन रात्री राहणार, सोबत सत्तरीतले आई-वडील आणि चार व नऊ वर्षांची मुलं. घरच्यांचं म्हणणं असं की अलिबागलाच एक जागा धरू, तिथूनच एक दिवस इमॅजिका करून येऊ, 'रूमवर फक्त झोपायलाच तर जायचंय'. हे वाक्य वाचलं आणि लिहायला बसले. आमच्या घरात ते मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. म्हणणारा माणूस खोलीत खरंच फक्त झोपायला येतो. बाकीचे तिथे काय करतात ते त्याने कधी पाहिलेलं नसतं.

आमचे मोठे दीर घरातल्या सगळ्या सहली ठरवतात. हौसेने ठरवतात, पैशाला मागे-पुढे पाहत नाहीत, त्यात मी खोट काढणार नाही. एका दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी अलिबागजवळ नागावला एका वाडीतल्या खोल्या सगळ्या रात्रींसाठी धरल्या. बॅगा एकदाच उघडायच्या, हा त्यांचा मुद्दा. मी तेव्हाच म्हटलं होतं, "भाऊजी, घाट उतरलं की इमॅजिका आधी लागतं. पुढे समुद्रापर्यंत जायचं आणि पुन्हा मागे यायचं, हे कशाला?" त्यावर तेच उत्तर मिळालं, झोपायलाच तर जायचंय.

वाडी सुंदर होती. नारळी-पोफळी, अंगणात झोपाळा, जेवण तर इतकं चांगलं की सासूबाई अजून तिथल्या आमटीचं नाव काढतात. पण खोल्या वरच्या मजल्यावर. जिना बाहेरून, दगडी, पायऱ्या उंच आणि कठडा एकाच बाजूला. सासऱ्यांचा गुडघा तेव्हा वाकत नव्हता. ते कठड्याला धरून आधी चांगला पाय वर टाकायचे, मग दुसरा ओढून घ्यायचे, आणि प्रत्येक पायरीवर थांबायचे. उतरताना तोंड भिंतीकडे करून, लहान मुलासारखे आडवे उतरायचे. शेवटी त्यांनी खाली यायचंच टाळायला सुरुवात केली. चहा वर पाठवा म्हणाले. समुद्र पाहायला आणलेला माणूस गॅलरीत बसून पोफळी पाहत होता. त्यांचं इन्सुलिन खालच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये. रोज जेवणाआधी कोणी आणायचं? जाऊबाईंनी आणि मी.

इमॅजिकाच्या दिवशी पहाटेच उठवलं सगळ्यांना. नागावहून अलिबाग, वडखळ, पेण, खोपोली आणि मग पाली रस्त्याने सांगडेवाडी, म्हणजे पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. सुट्टीत पोयनाड-वडखळचा पट्टा कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. पोहोचेपर्यंत पार्क उघडून बराच वेळ झालेला आणि रांगा लांबलेल्या. मोठी मुलं नायट्रो या रोलर कोस्टरकडे धावली. धाकटीची उंची मोठ्या राइड्सना पुरत नव्हती, ती उन्हाने चिडलेली. सासू-सासऱ्यांची तिकिटं काढलेली आणि ते दोघं सावलीतल्या एका बाकावर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. पाठ टेकायला जागा नाही. खोली होती, पण ती पाऊणशे किलोमीटरवर. संध्याकाळी परेड निघते, मुलांना तीच पाहायची होती. परतीच्या रस्त्याच्या धाकाने ती न पाहताच निघालो. धाकटी गाडीत रडून रडून झोपली.

म्हणून पुढच्या वेळी जागा मी ठरवल्या. पहिली रात्र पार्कजवळ. खोली तळमजल्यावर, फ्रिज खोलीत. सासू-सासऱ्यांचं पार्कचं तिकीट काढलंच नाही. आम्ही पार्कमध्ये असताना ते दोघं दुपारभर निवांत पडले, आणि उन्हं कलल्यावर रिक्षा करून महडला वरदविनायकाचं दर्शन घेऊन आले. हे ऐकून ठेवा: खोपोलीजवळ महड आणि पुढे पाली, असे अष्टविनायकांतले दोन गणपती या रस्त्यावर आहेत. तुमच्या आई-वडिलांचा दिवस पार्कपेक्षा तिथे चांगला जाईल. धाकटीला मी तीन वाजता खोलीवर आणून झोपवलं, पाच वाजता परत नेलं. परेड सगळ्यांनी पाहिली. खोली दहा मिनिटांवर असली की हे सगळं जमतं.

पार्कच्या दाराशीच नोव्होटेल आहे, परवडत असेल तर डोळे मिटून घ्या. नसेल तर खोपोलीत आणि पाली रस्त्यावर साधी हॉटेलं आहेत, एका रात्रीपुरती चालतात. लोणावळ्यात राहून इमॅजिका करा असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. मुलांना गाडी लागते, आणि संध्याकाळी दमलेल्या ड्रायव्हरने घाट का चढायचा?

दुसऱ्या दिवशी न्याहारी करून पेणमार्गे निघालात तर जेवायला अलिबागला पोहोचाल. पालीला जायचं असेल तर तिथून वाकणला महामार्गाला लागता येतं, मागे फिरावं लागत नाही.

आता समुद्राजवळ कुठे. वरसोली किंवा आक्षी. नागावला पॅरासेलिंग, बनाना बोट, घोडागाड्या, सगळं आहे आणि म्हणून गर्दीही आहे. तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाला ते हवं असेल तर आक्षीहून नागाव जवळच आहे, तासभर जाऊन या. आक्षीला सुरूची झाडं आहेत, म्हाताऱ्या माणसांना सावलीत खुर्ची टाकून बसता येतं. काशीदची वाळू पांढरी, फोटो छान येतात, पण तिथे पाण्याला ओढ आहे. माणसं बुडाल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. चार वर्षांच्या मुलाला घेऊन मी तिथे पाण्यात उतरणार नाही.

आणि जागा धरण्याआधी तिथी बघा. हे आम्हाला सासऱ्यांनी शिकवलं, त्यांचं बालपण किनाऱ्यावरचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. अमावस्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास आणि संध्याकाळी पाणी पार लांब गेलेलं. 'समुद्र पाच मिनिटांवर' असं जे फोनवर सांगतात ते वाळूपर्यंतचं अंतर असतं. ओहोटीच्या वेळी पोहोचलात तर पाण्यापर्यंत आणखी तेवढंच चालावं लागतं, आणि ते गुडघेदुखीच्या माणसाला ओल्या वाळूत जमत नाही. सासऱ्यांनी कालनिर्णय पुढ्यात घेऊन सप्तमीची संध्याकाळ काढून दिली. पाच-सव्वापाचला पाणी वर, उधाण नाही, भांगाची म्हणजे लहान भरती, लाटा मवाळ. त्यांनी खुर्चीतून उठून दोन पावलं टाकली आणि पाय पाण्यात. सासूबाईंनी साडी घोट्याच्या वर धरून ठेवली आणि अंधार पडेपर्यंत कोणाचं ऐकलं नाही. अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यावर चालत जायचं असेल तर मात्र उलटा हिशेब करावा लागेल, अमावस्या-पौर्णिमेजवळची सकाळची ओहोटी धरावी लागेल. तेव्हाही तिथल्या माणसांना विचारल्याशिवाय निघू नका.

भाऊजींचं अजूनही म्हणणं आहे की दोन मुक्कामांत बॅगा बांधण्यात वेळ जातो. जातो, अर्धा तास जातो. बॅगा बांधतो कोण, तर त्या आम्हीच बांधतो, आणि आमची त्याबद्दल तक्रार नाही. आम्हाला नकोय तो रस्ता. खोलीत फक्त झोपतात ते घरातले दोन-तीन धडधाकट लोक. बाकी मुलांना भरवणं, ओले कपडे वाळत टाकणं, औषधं, दुपारची झोप, संडासला जाणं, सगळं खोलीत. मग खोली कोणाच्या सोयीने निवडायची?

तुम्ही हॉटेल की होमस्टे असंही विचारलं होतंत. समुद्राजवळ होमस्टे, जेवणासाठी. त्यातही तळमजला, कमोड खोलीला लागून, आणि वीज गेली तर इन्व्हर्टर, एवढं मिळत असेल तरच. नाहीतर साधं हॉटेल बरं. 'सी-टच' या शब्दावर जाऊ नका, वाडीतून किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेचा व्हिडिओ मागवा, आणि त्या वाटेवर रात्री दिवा असतो का तेही विचारा.

हे सगळं पुण्याहून येणाऱ्यांसाठी. मुंबईहून कोणी वाचत असेल तर भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या मांडव्याला गाडीसकट रो-रो बोटीने जाता येतं, तेव्हा आधी समुद्र आणि परतताना पार्क हे चालू शकेल. सोबत म्हातारी माणसं आणि लहान मुलं नसतील तर कुठेही राहा, काही बिघडत नाही. आणि पावसाळ्यात समुद्राचा भाग गाळाच, तेव्हा वॉटर स्पोर्ट्सही बंद असतात.

दिवाळी-नाताळात तळमजल्याच्या खोल्या आधी जातात, महिनाभर आधी फोन करा. फोन करताना आईंना शेजारी बसवा आणि पायऱ्या किती, पलंग किती उंच, हे त्यांनाच विचारू द्या.