चकचकीत की जुनाट? आईसाठी नर्सिंग होम निवडताना

तुमचा प्रश्न असा: तीन महिन्यांनी नोकरीसाठी देश सोडायचा आहे, पक्षाघातामुळे आईची उजवी बाजू गेली आहे, तिला सोबत नेता येत नाही. दोन नर्सिंग होम पाहून ठेवलीत. एक नवं, चकचकीत. दुसऱ्याचा रंग उडालेला, पण तिथल्या आया सगळ्यांना नावाने हाक मारतात. कोणतं निवडू? (नर्सिंग होम म्हणजे छोटं रुग्णालय नव्हे, कायमची शुश्रूषा मिळणारी जागा, असं धरून लिहितेय.)

नऊ वर्षांपूर्वी मी देश सोडला तेव्हा बाबांसाठी चकचकीत निवडलं होतं. रोज फोनवर "बाबा मजेत आहेत" ऐकायचं आणि निवांत झोपायचं. सातव्या आठवड्यात मावसभाऊ भेटायला गेला, पांघरूण सारखं करताना त्याला बाबांच्या टाचेवर काळपट चट्टा दिसला. बेडसोर, म्हणजे सतत एकाच जागी दाब पडून होणारी जखम. एका दिवसात होणारी गोष्ट नव्हे ती, कितीतरी दिवस कुणी मोजे काढून पाहिलंच नव्हतं. म्हणून तुमच्या जागी मी असते, तर चौकशी कातडीपासून सुरू केली असती.

हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली गेली की तिथला रक्तपुरवठा तुटतो. माकडहाड, टाचा, खुब्याची हाडं, डोक्याची मागची बाजू, या नेहमीच्या जागा. सुरुवातीला बोटाने दाबूनही पांढरा न होणारा लालसर डाग येतो, असं सांगतात; पण सावळ्या कातडीवर ती लाली दिसतेच असं नाही. तिथे गरमपणा, कडकपणा, आजूबाजूपेक्षा वेगळा रंग पाहावा लागतो. नर्सिंग होमवाल्यांना सरळ विचारा, आईचा ब्रेडन स्कोअर काढणार का आणि पुन्हा कधी काढणार? बेडसोरचा धोका मोजायची ही पद्धत 1980 च्या दशकातली आहे, गुण 6 ते 23, आणि 18 किंवा त्याहून कमी म्हणजे धोका. नर्सला हा शब्दच नवा वाटला, किंवा दुसरी कुठली पद्धतही सांगता आली नाही, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

मग कूस बदलण्याचा तक्ता मागा. दुसऱ्या रुग्णाचा तक्ता नावासकट दाखवणं बरोबर नाही, तेव्हा नाव झाकून दाखवा म्हणा. दर दोन तासांनी कूस बदलायची ही जुनी रीत. माणूस आणि गादी पाहून हे अंतर कमीजास्त होतं, तेवढं चालतं. रात्रभराच्या नोंदी एकाच शाईत, एका बैठकीत खरडलेल्या दिसतात का, ते पाहा. मी तर संध्याकाळी चार वाजता रात्री आठची नोंद भरलेली पाहिलीये!

दुसरी भेट जेवणाच्या वेळी, न सांगता. पक्षाघातानंतर गिळण्याचा त्रास असू शकतो. भरवणारी बसून, घास गिळला की नाही ते पाहून भरवते की उभ्याने उरकते? आडवं ठेवून भरवतात का? जेवणानंतर निदान अर्धा तास बसवून ठेवतात का? अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. पाण्याचा पेला आणि बेल आईच्या डाव्या हाताशी हवी. उजवीकडे ठेवलेला पेला तिच्यासाठी नसल्यासारखाच. वजन दरमहा लिहितात का तेही विचारा. महिन्यात 5 टक्के किंवा सहा महिन्यांत 10 टक्के वजन घटलं तर ती धोक्याची खूण मानतात; 50 किलोच्या बाईत महिन्याला अडीच किलो म्हणजे साडी-गाऊनमध्ये दिसणारही नाही.

वासाबद्दल थोडक्यात. एका खोलीत लघवीचा वास आला तर कदाचित आत्ताच काही सांडलं असेल. सगळ्या मजल्यावर आला तर सवय आहे. सगळीकडे उग्र सुगंधी फवारा असेल तर मला जास्तच शंका येते.

दुपारी सगळेच खुर्चीत माना टाकून पेंगत असतील तर झोपेच्या आणि शांत ठेवायच्या गोळ्या कोण, कशासाठी लिहितं हे विचारा. म्हाताऱ्यांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची बीअर्स यादी 1991 साली पहिल्यांदा निघाली ती नर्सिंग होममधल्यांसाठीच. आईची औषधं एकदा तुमच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या.

रात्री दोन वाजता किती जणांमागे किती माणसं असतात? शिकलेली नर्स मजल्यावर असते की फोनवर? आया किती वर्षं टिकतात? हे मॅनेजरला नको, आयांनाच विचारा. रात्री दहाला फोन करून बघा कोण उचलतं, कारण परदेशातून तुमचा मोकळा वेळ अशाच अवेळी असणार आहे.

लांबून लक्ष ठेवायला व्हिडिओ कॉल पुरत नाही. त्यात केस विंचरलेला हसरा चेहरा दिसतो. आठवड्यातून एकदा टाचा दाखवा म्हणा, लाजू नका. आईची हरकत नसेल तर माकडहाड जवळच्या बाईमाणसाने प्रत्यक्ष पाहावं. कागदपत्रं बघायचा आणि उपचारांबद्दल बोलायचा लेखी अधिकार त्याच शहरातल्या कुणाला तरी द्या. रुग्णालयात हलवलं तर खाट राखून ठेवतात का, हे करारात वाचा.

माझा कल जुनाट जागेकडे आहे, पण तक्ता आणि रात्रीची माणसं पाहिल्यावरच. आणि आईला तुमच्या जाण्याच्या आठवड्यात नेऊन ठेवू नका. महिनाभर आधी ठेवा, रोज वेगळ्या वेळी जा. विमानाचं तिकीट त्यानंतरचं काढा.