ग्वाल्हेरच्या उन्हात १९४४ चा वैमानिक

प्रश्न : विमानांच्या प्रदर्शनात दुसऱ्या महायुद्धातला भारतीय वैमानिक म्हणून उभं राहायचं आहे. मेंढीच्या कातड्याचं जॅकेट शिवून घ्यावं का?
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : नको. ते जॅकेट युरोपातल्या थंडीचं, उंचावरच्या उड्डाणांचं. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हरिकेन लढाऊ विमानं उडवणारे आपले वैमानिक खाकी सुती कपड्यांत असत. शिवाय ग्वाल्हेरच्या मे महिन्यात ते घालून उभं राहणं म्हणजे चक्कर येण्याची सोयच.

महाराज बाड्यावर कापड घेताना शंभर टक्के सुती ड्रिलच (जाड, घट्ट विणीचं कापड) मागा. टेरिकॉट उन्हात चमकतं आणि फोटोत लगेच उघडं पडतं. शर्ट-पँटला ५८ इंच पन्ह्याचं ४ मीटर पुरे. शिवण्याआधी रात्रभर भिजवून, धुऊन वाळवा. नाहीतर पहिल्या धुण्यातच बाह्या आखडतात. पँटला चेन नको, बटणं हवीत. शिंप्याला हे दोनदा सांगा, सवयीने चेन लावतातच.

हुद्दा खांद्यावर येतो, काळ्या पट्टीवर फिकट निळी रेघ : फ्लाइंग ऑफिसरला एक, फ्लाइट लेफ्टनंटला दोन. हवाई दलाच्या नावाआधीचं ‘रॉयल’ हे बिरुद मार्च १९४५ चं. १९४४ च्या वेशासोबतच्या फलकावर नुसतं ‘इंडियन एअर फोर्स’ लिहा.

हेल्मेट चामड्याचं चालेल, पण उष्ण प्रदेशासाठीचं खाकी सुती जास्त बरोबर. रेक्झिन टाळा, घामाने त्याचे पापुद्रे सुटतात. पिस्तुलाचं म्यान रिकामंच ठेवा. आजच्या हवाई दलाचं एकही चिन्ह अंगावर नको. सैनिक असल्याचं भासवण्यासाठी गणवेश घालणं गुन्हा आहे.