एकोणतीस वर्षांचा मुलगा आणि घराची किल्ली

मे महिन्यात कुणी माझ्याकडे समुपदेशनाला दुपारी तीनची वेळ मागून घेतली की मी ओळखते, घरच्यांना न सांगता यायचं आहे. नाहीतर नागपूरच्या उन्हात तीन वाजता कोण बाहेर पडतं? सुनंदाताई डोक्याला दुपट्टा घट्ट गुंडाळून आल्या, अर्धी बाटली पाणी घटाघट प्यायल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, माझा पोरगा घरातून हलतच नाही हो." (नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे तपशीलही. लिहायला घरच्यांची परवानगी आहे.)

मला वाटलं दारू असेल, भांडणं असतील. तसलं काहीच नव्हतं. अनिकेत 29 वर्षांचा, मिहान या नागपूरच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका आयटी कंपनीत, हातात पगार 42,000. शिफ्ट दुपारची, रात्री साडेबाराला कॅब दारात सोडते. मानेवाड्याला स्वतःचं घर, खाली आईबाबा आणि तो, वरचा मजला भाड्यानं दिलेला. दुखणं इतकंच, की पुण्यातल्या बहिणीच्या मुलानं 26व्या वर्षी वाकडला फ्लॅट घेतला, आणि एका स्थळाकडून फिरत फिरत कानावर आलं होतं, 'मुलगा अजून आईच्या पदराखाली आहे म्हणे.'

"फॉरेनमध्ये तर अठरा झाले की पोरांना बाहेर काढतात. आमचंच चुकलं का?"

हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा येतो की त्याचं उत्तर मी तोंडपाठ ठेवलं आहे. अठराव्या वर्षाची गोष्ट अर्धीच खरी. युरोपीय संघात 2022 साली आईवडिलांचं घर सोडण्याचं सरासरी वय 26.4 होतं. फिनलंडमध्ये 21.3, पण क्रोएशियात 33.4. अमेरिकेत जुलै 2020 मध्ये, करोनाच्या काळात, 18 ते 29 वयाची 52 टक्के मुलं आई किंवा वडिलांकडे राहत होती, असं प्यू रिसर्च सेंटरच्या अभ्यासात दिसलं. तेव्हा सुनंदाताईंचं घर जगावेगळं नाही.

आपल्याकडचं गणितही साधं आहे. 30 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी काढलं तर हप्ता 26,000 च्या आसपास बसतो. 42,000 मधून तो वजा करा. भाड्यानं खोली बघायला जा, तर घरमालकाचा पहिला प्रश्न, "फॅमिली आहे का?" एकटा मुलगा म्हटलं की गेट अर्धंच उघडतं. मुलीचं तर विचारूच नका. तीच मुलगी पुण्याला हॉस्टेलवर राहिली तर कौतुक. आईबाप मानेवाड्याला असताना तिनं नागपुरातच प्रतापनगरला खोली घेतली, की नातेवाइकांचे फोन सुरू.

आणि गंमत बघा. पूर्वी माझ्याकडे आया यायच्या त्या पोरं पुण्या-बंगळुरूला गेली म्हणून रडत. मिहानमध्ये नोकऱ्या आल्या, लॉकडाऊनमध्ये कितीतरी जण लॅपटॉप घेऊन परतले आणि इथंच रमले. आता आया येतात त्या पोरं घरात आहेत म्हणून.

पहिल्या भेटीत मी मात्र चूक केली. सुनंदाताईंसोबत बसून हिशेब मांडला, अनिकेत वेगळा राहिला तर भाडं किती, डबा किती, पेट्रोल किती. प्रश्न घराचा आहे असं मी धरून चालले होते.

निघता निघता त्या म्हणाल्या, "ह्याच्या शिफ्टपायी माझी झोप गेली. बीपीची गोळी चालू झाली. रोज साडेबारापर्यंत जागायचं, मग दार उघडायचं."

"त्याच्याजवळ किल्ली नाही का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी भलतंच काही विचारलं. "किल्ली कशाला लागते? मी असते ना घरी."

अनिकेत दोन आठवड्यांनी आला. आईनं पाठवलं म्हणून आलो, हे त्यानं बसायच्या आधीच सांगून टाकलं. बोलायला लागला तेव्हा मात्र थांबेना. "मॅडम, कंपनीत माझ्या हाताखाली सहा जण आहेत. घरी मी अजून बारावीतच आहो. रात्री उशीर झाला की आई खिडकीत उभी. जेवलो का, कोणाचा फोन होता, टीशर्ट काऊन चुरगाळला. बाहेर राहायला जाऊ शकतो ना मी, पण काऊन जाऊ? बाबांचं ऑपरेशन झालं मागच्या वर्षी. मला तसंही घर आवडते."

"घरखर्चाला काही देतोस?"

"दर महिन्याला पंधरा हजार. न चुकता."

इथं मी थबकले. कारण सुनंदाताई मला म्हणाल्या होत्या, घर ह्यांच्या पेन्शनीवर आणि वरच्या भाड्यावर चालतं, पोरगा एक पैसा देत नाही.

दोघंही खरंच बोलत होते. अनिकेत महिन्याच्या एक तारखेला आईच्या खात्यावर पंधरा हजार टाकायचा आणि आई पाच तारखेला त्यातून त्याच्याच नावाची आरडी भरायची. चार वर्षं. "त्याच्या लग्नाला होतील. पोराच्या पैशात कुठं हात घालायचा?" त्यामुळे किराणा, वीज, औषधं यातल्या कशालाच अनिकेतचा रुपया लागलेला नव्हता. तो समजत होता मी घर चालवतो आहे. घर समजत होतं आपण पोराला पोसतो आहोत. आरडीचा विषय मात्र चार वर्षांत जेवणाच्या ताटावर कधी निघालाच नव्हता.

मरे बोवेन नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं कुटुंबाचा विचार करताना अंतराला फार किंमत दिली नाही. माणूस हजार मैलांवर राहूनही आईच्या एका फोननं लहान होऊ शकतो, आणि त्याच छताखाली राहून स्वतःचं मत शांतपणे सांगू शकतो. त्याचा भर या दुसऱ्या ताकदीवर होता. पुण्याच्या भाच्याकडे फ्लॅट आहे, पण त्याची आई रोज रात्री व्हिडिओ कॉलवर फ्रीज उघडायला लावून आत काय आहे ते बघते, हे सुनंदाताईंनीच मला हसत सांगितलं होतं.

तिसऱ्या भेटीला मी तिघांनाही बोलावलं. अनिकेतचे बाबा सरकारी नोकरीतून निवृत्त, अबोल माणूस. खुर्ची भिंतीला लावून बसले. मी कोणालाही घर सोडायला किंवा धरायला सांगितलं नाही. तो माझा अधिकारच नाही. घरात कोण काय करतं, एवढंच एका कागदावर लिहायला लावलं. कूलरमध्ये पाणी कोण भरतं? बाबा. 64 वर्षांचे, ऑपरेशन झालेले, रोज संध्याकाळी पाइप ओढून तिन्ही कूलर भरतात. अनिकेतचा चेहरा उतरला.

"बाबा, मला सांगायचं ना."

"तू ऑफिसात असते त्या वेळी."

"सकाळी असतो ना घरी. सकाळी भरले तर पाणी संपते का?"

बाबांनी उत्तर दिलं नाही. जरा वेळानं म्हणाले, "आता तेवढंच काम राहिलं आहे मला." सुनंदाताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. हे वाक्य त्यांनाही नवीन असावं. त्या दिवशी आम्ही अनिकेतला सोडून बराच वेळ बाबांच्या निवृत्तीवरच बोललो. अशा घरांत हे नेहमी होतं, तक्रार मुलाची असते आणि रिकामपण दुसऱ्याच कुणाचं निघतं.

ठरलं ते अगदी थोडं. एक कूलर बाबांचा, दोन अनिकेतचे. आरडी बंद नाही करायची, पण पंधरामधले दहा हजार किराण्याला आणि विजेच्या बिलाला, आणि ते खर्च होताना अनिकेतला दिसले पाहिजेत. पुढच्या स्थळाला 'मुलगा आमच्याजवळ राहतो' असं खाली मान घालून सांगायचं नाही. आणि किल्ली.

किल्लीवरच सगळ्यात जास्त वेळ गेला. बाहेरून किल्लीनं दार उघडायचं तर आतली कडी लावता येणार नाही, आणि तीस वर्षांत सुनंदाताई कडी न लावता कधी झोपल्या नव्हत्या. "चोर आला तर?" यावर बाबा पहिल्यांदा हसले. "गेटला कुलूप राहते ना. त्याची पण एक किल्ली देऊन टाक त्याला."

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुनंदाताईंचा फोन आला. पाऊस लागला होता, कूलर आवरून ठेवले होते. अनिकेत अजून घरीच आहे. वरचा भाडेकरू दिवाळीनंतर सोडणार आहे, तेव्हा वर राहीन आणि तेवढंच भाडं देईन म्हणतो, आणि त्यावरून घरात पुन्हा वाजलं आहे, कारण बापाला भाडं देणारा पोरगा बाबांना सहन होत नाही. ती भेट आम्ही पुढच्या महिन्यात ठेवली.

"आणि किल्ली?" मी विचारलं.

"केली ना. चौकातल्या किल्लीवाल्याकडून दोन जोड आणले. पहिल्या रात्री लॅचचा आवाज आला, मी जागीच होते, पण उठली नाही."

"दोन जोड कशाला?"

त्या थोड्या थांबल्या. "एक ह्यांना. ह्यांच्याजवळ पण कधी नव्हतीच ना."