कार्डावरची थकबाकी तिथून हलव

चि. भाचीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले आणि सोबत पाठवलेली तीन महिन्यांची स्टेटमेंट्सही मी सावकाश वाचली. बँकेने तुझ्या क्रेडिट कार्डाचा व्याजदर महिना साडेतीन टक्क्यांवरून पावणेचार टक्क्यांवर नेला आहे, थकबाकी एक लाखाच्या आसपास आहे, आणि दर महिन्याला पाच हजारांची किमान देय रक्कम न चुकता भरूनही आकडा जागचा हलत नाही, अशी तुझी तक्रार आहे. ती खरी आहे. आकडा का हलत नाही हे आधी नीट समजून घे, कारण उपाय त्यातूनच निघतो.

ढोबळ हिशेब असा आहे. पावणेचार टक्के दराने एक लाखावर महिन्याचे व्याज ३,७५० रुपये होते. गृहकर्जाच्या किंवा वैयक्तिक कर्जाच्या व्याजावर जीएसटी लागत नाही, परंतु क्रेडिट कार्डाच्या व्याजाला ती सूट नाही, त्यामुळे १८ टक्क्यांनी आणखी ६७५ रुपये त्यात मिळतात. म्हणजे तुझ्या पाच हजारांपैकी ४,४२५ रुपये व्याज आणि कर यांतच जातात आणि मुद्दल केवळ ५७५ रुपयांनी उतरते. यापुढे कार्डावर एक रुपयाचीही खरेदी न करता तू दरमहा पाच हजारच भरत राहिलीस, तर हे कर्ज फिटायला सुमारे ५० महिने लागतील आणि एका लाखापोटी तुझ्या हातून अडीच लाख रुपये जातील. त्यातही किमान देय रक्कम थकबाकीच्या पाच टक्के असल्यामुळे थकबाकीबरोबर तीही उतरत जाते, आणि फक्त तेवढीच भरायची ठरवलीस तर निम्मे कर्ज फिटायलाच दहा वर्षे लोटतील. किमान रक्कम भरल्याने विलंब शुल्क टळते आणि पतनोंद बिघडत नाही, एवढाच तिचा उपयोग आहे. तिला हप्ता समजू नकोस.

स्टेटमेंटमध्ये मला आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती मला व्याजदराच्या वाढीपेक्षा अधिक गंभीर वाटते. तू किराणा, औषधे आणि मोबाइलचे रिचार्ज अजूनही याच कार्डावर करते आहेस. मागच्या बिलातली काही रक्कम शिल्लक राहिली की नव्या खरेदीवर मिळणारी बिनव्याजी मुदत संपते, आणि तू घेतलेल्या तांदळावर आणि तेलावर खरेदीच्या दिवसापासूनच हाच दर लागू होतो. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर अशी मुदत मुळातच नसते, शिवाय वेगळे शुल्क द्यावे लागते. म्हणून आजपासून घरखर्च यूपीआयने किंवा डेबिट कार्डाने कर आणि ॲपवर साठवून ठेवलेला क्रेडिट कार्डाचा क्रमांक काढून टाक.

व्याजदर पुन्हा खाली येईल या आशेवर थांबू नकोस. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने कार्डाच्या थकबाकीवर वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली आणि २० डिसेंबर २०२४ रोजी तो रद्दच केला, त्यामुळे आज बँकांवर तशी कमाल मर्यादा नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने कार्डाच्या कर्जासाठी बँकांना बाजूला ठेवावे लागणारे भांडवल वाढवले, तेव्हा हा व्यवसाय त्यांनाही महाग झाला. उलट २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर, साडेसहा टक्क्यांवरून सव्वापाच टक्क्यांवर आला, पण त्याचा लाभ रेपोशी जोडलेल्या गृहकर्जांना मिळाला. कार्डाचा दर रेपोशी जोडलेला नसतो. मुंबई इलाख्यात सावकारी कर्जांना दामदुपटीचा नियम लावला जाई आणि एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नसे. बँकेचे व्याज अवाजवी आहे एवढ्याच कारणावरून मात्र न्यायालयाला तो व्यवहार पुन्हा उघडता येत नाही, असे बँकिंग नियमन कायद्याचे कलम २१अ सांगते. मला हे योग्य वाटत नाही, पण तुझे कर्ज तुला आजच्या कायद्यातच फेडायचे आहे.

म्हणून माझा सल्ला एकच आहे: हे कर्ज कार्डावरून हलव. नोकरीच्या पहिल्या वर्षी केलेली तुझी चाळीस हजारांची मुदत ठेव अजून तशीच आहे. तिच्यावर तुला वर्षाला सहा-सात टक्के मिळतात आणि इथे तू करासह वर्षाला ५३ टक्के भरते आहेस. मुदतीपूर्वी मोडल्याबद्दल बँक व्याजात अर्धा-एक टक्का कापेल, तो कापू दे. बचत आपल्याकडे मोठ्या मायेने केली जाते आणि ठेव मोडताना जीव कसनुसा होतो, हे मी बँकेच्या कर्जविभागात बसून पुष्कळांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. तरीही ती मोड. एका महिन्याचा घरखर्च बचत खात्यात राहू दे आणि बाकीचा पैसा कार्डात भर.

उरलेल्या साठ हजारांसाठी तुझ्या कंपनीत कर्मचाऱ्यांची पतसंस्था असेल तर प्रथम तिथे विचार, नाहीतर पगार जमा होतो त्या बँकेत वैयक्तिक कर्जाची चौकशी कर. तुझ्या सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीच्या, म्हणजे पीपीएफच्या खात्याचे तिसरे ते सहावे आर्थिक वर्ष चालू असेल, तर त्यावरही थोडे कर्ज मिळते आणि ते सर्वांत स्वस्त पडते. १५ टक्के दराने साठ हजार मिळाले आणि तू आजच्यासारखेच दरमहा पाच हजार भरलेस, तर सारे कर्ज १३-१४ महिन्यांत संपेल. बँक कार्डावरच थकबाकीचे हप्ते करून देऊ म्हणेल. तो दर कमी दिसला तरी प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी धरून एकूण किती भरावे लागेल हे लेखी मागून घे आणि मगच तुलना कर.

कर्ज हलवल्यावर कार्ड रिकामे होईल आणि खरा धोका तेव्हाच सुरू होईल. मर्यादा मोकळी दिसली की काही महिन्यांत ती पुन्हा भरते आणि मग माणूस दोन कर्जे एकदम फेडत बसतो. तू हे कार्ड बंदच करावेस असे मला वाटते. पूर्ण रक्कम भरल्यानंतर बंद करण्याचा अर्ज दिलास की बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत तो पूर्ण करायचा असतो; त्याहून उशीर झाला तर रोज ५०० रुपये दंड तिने तुला द्यायचा असतो. शुल्कातला बदलही किमान एक महिना आधी कळवल्याशिवाय लागू करता येत नाही, म्हणून तुझ्या ईमेलमध्ये ती सूचना कधी आली ते शोधून ठेव. ती आलीच नसेल तर बँकेकडे लेखी तक्रार कर, आणि ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे तक्रारीला पैसे पडत नाहीत.

थोडी रक्कम घेऊन खाते मिटवून देतो, असे सांगणारे फोन तुला येऊ लागतील. त्या वाटेने जाऊ नकोस, कारण पतनोंदीत खाते पूर्ण फेडलेले न दिसता तडजोडीने मिटवलेले दिसते आणि पुढे घरासाठी कर्ज मागताना ती नोंद आडवी येते. तू पगारदार आहेस आणि पूर्ण रक्कम फेडू शकतेस.

हे सारे तू आईबाबांपासून लपवले आहेस, असे पत्रावरून वाटते. त्यांना सांग. ते रागावतील, पण व्याज त्यांच्या रागासाठी थांबत नाही, आणि सवडीने फेडण्याच्या बोलीवर त्यांनी वीस-तीस हजार दिले तर तुझे काही महिने वाचतील. पुढची देय तारीख १८ आहे. त्याआधी ठेव मोडून पैसे भर, पतसंस्थेतला आणि बँकेतला दर विचारून घे आणि दोन्ही आकडे मला फोनवर सांग. अर्जावर सही करण्यापूर्वी आपण एकत्र बसून तपासू.

कळावे,
तुझा मामा