१७व्या शतकातल्या मुद्राचित्रांवरून इमारतीवरची शिल्पं कशी ओळखायची?

तुम्ही विचारलंय की ॲमस्टरडॅमच्या जुन्या टाउन हॉलच्या (आजचा राजवाडा) शिल्पांची मुद्राचित्रं (कोरलेल्या धातूच्या प्लेटवरून कागदावर छापलेली चित्रं) कितपत खरी मानावीत, आणि त्यातली काही उलटी का वाटतात.

काय कोरलं होतं यासाठी खुशाल भरवसा ठेवा. ते खालून कसं दिसे, यासाठी नको. शिल्पं आर्टुस क्वेलिनस आणि त्याच्या हाताखालच्या कारागिरांची. एचिंगमध्ये (तांब्याच्या प्लेटवर मेणाचा थर देऊन त्यात सुईने रेघा ओढायच्या, मग उघड्या पडलेल्या रेघा ॲसिडने खोदायच्या) ती उतरवली त्याचा भाऊ हुबेर्टुसने. या छापांच्या पुस्तकाचा पहिला भाग १६५५चा, दुसरा १६६३चा. चौकातून पाहणाऱ्याला पेडिमेंटवरचे (छताखालच्या त्रिकोणी दर्शनी भागावरचे) समुद्रदेव मान वर करून, तिरकस दिसतात. कागदावर ते अगदी समोर येतात.

उलटेपणाचं कारण साधं. तांब्याच्या प्लेटवरचं उजवं कागदावर डावं होतं. छाप सुलटा हवा असेल तर रेखाटनाचा कागद तेलाने पारदर्शक करून पालथा घालून गिरवायचा; तो खटाटोप टाळला की छाप उलटा येतो. अक्षरांवरून मात्र अंदाज बांधू नका. ती मुद्दाम उलटी कोरतात, म्हणून चित्र उलटं असलं तरी मजकूर सुलटाच छापला जातो. तलवार डाव्या हातात दिसते का हे पाहता येतं, पण खरी खात्री फोटो शेजारी ठेवूनच.

खरी कसरत पांढऱ्या संगमरवराची. गाल, खांदा इथे कोरा कागदच संगमरवर होतो. गोलाई फक्त सावलीच्या रेघांनी दाखवायची. म्हणून नाजूक रेघांना ॲसिड थोडाच वेळ द्यायचं, मग त्या चरबी-तेलाने झाकून बाकीच्या रेघा पुन्हा खायला द्यायच्या. अब्राहाम बॉसच्या १६४५च्या पुस्तकातलं त्यासाठीचं ॲसिड म्हणजे व्हिनेगर, नवसागर, मीठ आणि तांब्याचा कळंक. आडव्या-उभ्या रेघा फार जवळ घेतल्या तर मधलं मेण सुटतं आणि तिथे काळा डाग पडतो. फुलापानांच्या तोरणांच्या खोल सावल्यांत हे हमखास होतं, आणि मग तो भाग घासून पुन्हा करावा लागतो.

प्लेट झिजते तेव्हा आधी याच नाजूक रेघा जातात. उशिराच्या छापात खांदा सपाट दिसला तर शिल्पकाराला दोष देऊ नका. त्याच चित्राचा आधीचा छाप शोधा. रेघेची टोकं भिंगातून बघा: बोथट असतील तर ॲसिडची, निमुळती होत गेलेली असतील तर ब्युरिनची (प्लेट थेट कोरायच्या टोकदार हत्याराची), बहुधा नंतर हात फिरवलेली.