‘श्वास’ या मराठी सिनेमात नायक कोण, नातू परशा की त्याचे आजोबा? आणि नायकाच्या प्रवासाचे टप्पे तिथे बसतात का?

माझ्या मते आजोबा. आजार परशाला आहे म्हणून आपण त्याला नायक धरतो, पण टप्पे मोजायचे ते निर्णयांवरून. आणि ‘श्वास’मधले अवघड निर्णय अरुण नलावड्यांच्या आजोबांच्या वाट्याला येतात.

पुराकथांचे अभ्यासक जोसेफ कॅम्पबेल यांनी १९४९ मध्ये मांडलेली नायकाच्या प्रवासाची रचना थोडक्यात अशी: नायक घर सोडतो, परक्या जगात कसोटीला लागतो, काहीतरी मिळवून परततो. त्यांचे टप्पे १७. ख्रिस्तोफर व्होग्लर यांनी पटकथाकारांसाठी ते १२ वर आणले.

सुरुवात तर चपखल बसते. नातवाच्या डोळ्यांसाठी आजोबा कोकणातून पुण्याला येतात. ‘उंबरठा ओलांडणं’ हा टप्पा म्हणजे काय हे आम्हा सिंधुदुर्गवाल्यांना समजावून सांगायला नको. मोठं दुखणं आलं की पुणे-मुंबई, कोल्हापूर, नाहीतर गोव्यात बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल, हे ठरलेलंच. डॉक्टर साने मार्गदर्शक आहेत आणि वाट अडवणारे पहारेकरीही. डोळे गेल्याशिवाय जीव वाचणार नाही हे तेच सांगतात, आणि मुलाला ते आधी कळलंच पाहिजे असा आग्रहही त्यांचाच. व्होग्लर यांना हे चालतं. त्यांच्या लेखी भूमिका म्हणजे मुखवटे, एकाच पात्राने दोन घातले तरी बिघडत नाही.

घोळ होतो तो पुढे. टप्प्यांचा तक्ता भरताना बहुतेक जण ‘अग्निपरीक्षा’, म्हणजे सर्वात मोठी कसोटी, म्हणून शस्त्रक्रिया लिहून मोकळे होतात. पण ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसलेल्या आजोबांच्या हातात असतं काय? त्यांची कसोटी त्याआधीची. शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते आणि ते कुणालाही न सांगता परशाला घेऊन हॉस्पिटलमधून निघून जातात, दिसतंय तोवर पोराने पाहून घ्यावं म्हणून. नियम मोडून घेतलेला हा निर्णय सर्वस्वी त्यांचा.

इथे मला कॅम्पबेलपेक्षा भरतमुनी जास्त उपयोगी वाटतात. नाट्यशास्त्रातल्या पाच अवस्था, प्रारंभापासून फलागमापर्यंत (फळ हाती येईपर्यंत), फळाच्या अनुषंगाने ठरतात. ‘श्वास’मध्ये फळच बदलत जातं: आधी डोळे बरे व्हावेत, मग निदान जीव वाचावा, मग अंधार होण्याआधी थोडं पाहायला मिळावं. शेवटचं फळ सर्वात लहान, पण आजोबा स्वतः मिळवू शकतात असं तेवढंच.

परतीच्या टप्प्यालाही रचना जरा अडखळते. आमच्याकडे गणपतीला घरी येणारा चाकरमानी रिकाम्या हाताने येत नाही, आणि कॅम्पबेल यांचा नायकही नाही. परशा मात्र काळा चष्मा लावून परततो. म्हणून ‘अमृत’ (नायक परतताना जे घेऊन येतो ते) या रकान्यात मी वाचलेला जीव लिहिणार नाही, तो डॉक्टरांनी वाचवला. तिथे पुण्यातला तो भटकंतीचा दिवस लिहीन.

(जाता जाता: ‘श्यामची आई’नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा पुढचा मराठी सिनेमा ‘श्वास’च. दोन्ही गोष्टी कोकणातल्या माणसांच्या. एवढा अभिमान चालवून घ्या.)

खात्री करायची असेल तर हाच तक्ता एकदा परशाला नायक धरून भरून बघा. प्रवासाची ‘हाक’ येते, तो रडतो-चिडतो म्हणजे हाकेला ‘नकार’ हा टप्पाही मिळतो, पण पुढचे बरेच रकाने रिकामे राहतात, कारण त्याच्या बाबतीतलं सगळं दुसरेच ठरवत असतात.